जुना लॅपटॉप सुरू का होत नाही?

‘लॅपटॉप सुरू होत नाही’ हे वाक्य उच्चारावयास सोपे असले, तरी त्यावरून दुरुस्ती करणाऱ्यास फारसा बोध होत नाही. ‘प्रकृती बरी नाही’ एवढेच सांगणाऱ्या रोग्याला वैद्य जसे आणखी काही प्रश्न विचारतो, तसे येथेही विचारावे लागतात. बटण दाबल्यावर एखादा दिवा लागतो काय? पंख्याचा आवाज येतो काय? पडद्यावर कंपनीचे नाव उमटते काय? आणि उमटल्यास पुढे काय होते? या चार प्रश्नांची उत्तरे मिळाली की निम्मे काम झाले असे समजण्यास हरकत नाही. कारण वरवर एकच वाटणाऱ्या या तक्रारीच्या पोटी किमान चार निरनिराळे विकार असतात आणि त्यांचे उपायही परस्परांहून भिन्न असतात.

दहापंधरा वर्षांपूर्वीच्या लॅपटॉपला आज बाजारात म्हणण्यासारखी किंमत येत नाही. त्याचे खरे मोल असते ते त्यात साठविलेल्या मजकुराचे. बेळगाव, इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे, हैदराबाद यांसारख्या ठिकाणी पिढ्यान्‌पिढ्या वसलेल्या मराठी कुटुंबांच्या आणि मंडळांच्या दृष्टीने तर ही गोष्ट विशेष महत्त्वाची. गणेशोत्सवाच्या स्मरणिकेचा मजकूर, वाचनालयाची ग्रंथसूची, घरातील वडीलधाऱ्यांनी टंकलिखित केलेल्या आठवणी, मुलाबाळांची छायाचित्रे असे पुष्कळ काही अशा एखाद्या जुन्या यंत्रात असते आणि त्याची दुसरी प्रत बहुधा कोठेच नसते. म्हणून प्रारंभीच एक गोष्ट मनावर ठसविली पाहिजे. यंत्र बंद पडणे आणि मजकूर नष्ट होणे या दोन अगदी वेगळ्या घटना आहेत. बहुतेक प्रसंगी यंत्र बंद पडले तरी मजकूर सुखरूप असतो. तो जातो तो पुष्कळदा नंतरच्या उतावीळ उपचारांनी.

दोष शोधावयाचा तर लॅपटॉप सुरू होतो कसा, हे थोडक्यात समजून घेतले पाहिजे. भिंतीवरील 230 व्होल्टचा प्रवाह चार्जरमध्ये शिरतो आणि तेथून साधारण 19 व्होल्टचा एकदिश प्रवाह होऊन यंत्रात येतो. बटण दाबताच मदरबोर्डावरील एक लहानसा नियंत्रक जागा होतो व निरनिराळ्या भागांना लागेल तितका विद्युत्‌दाब क्रमाने पुरवू लागतो. मग मुख्य प्रोसेसर जागा होतो आणि ‘बायोस’ नावाची, मदरबोर्डावरच कायम वास करणारी आज्ञावली वाचू लागतो. ही आज्ञावली रॅम, पडदा, कळफलक इत्यादींची हजेरी घेते. 1981 साली आलेल्या आयबीएमच्या वैयक्तिक संगणकातही अशी स्वयंपरीक्षा होती. हजेरी पुरी झाली की हार्ड डिस्कवरील विंडोजसारखी कार्यप्रणाली शोधून काढून तिच्या हाती कारभार सोपविला जातो. पालखी जशी एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर जाते, तसा हा प्रकार आहे. पालखी कोठे थांबली हे कळले की कोणता खांदा निसटला तेही कळते.

पहिली अवस्था म्हणजे संपूर्ण निश्चेष्टतेची. दिवा नाही, पंखा नाही, आवाज नाही. येथे संशय प्रथम बाहेरच्या वस्तूंवर घ्यावा. भिंतीवरील ज्या जागी चार्जर लावला आहे, तेथे दुसरे एखादे उपकरण चालते की नाही हे पाहावे. चार्जरच्या दोन्ही वायरी, विशेषतः लॅपटॉपमध्ये जाणाऱ्या टोकाजवळची वायर, तपासावी; रोजच्या वाकण्याने ती आतून तुटते आणि बाहेरून मात्र धडधाकट दिसते. चार्जरवर लहानसा दिवा असल्यास तो फार उपयुक्त साक्ष देतो. भिंतीत लावूनही तो लागत नसेल, तर दोष चार्जरचा किंवा त्याच्या वायरीचा. तो लागलेला असून लॅपटॉपला टोक जोडताच विझत असेल, तर बहुधा लॅपटॉपच्या आत कोठेतरी शॉर्टसर्किट झालेले असते आणि चार्जर स्वसंरक्षणार्थ प्रवाह तोडतो. अशा वेळी पुनःपुन्हा जोडून पाहण्यात अर्थ नाही. तो स्थिर जळत राहत असेल, तर चौकशी पुढे न्यावी.

मल्टिमीटर जवळ असल्यास चार्जरच्या टोकाशी दाब मोजावा. मात्र मापकावर 19 व्होल्ट दिसले म्हणजे चार्जर निर्दोष ठरला, असे नव्हे. भार नसताना योग्य दाब दाखविणारा चार्जर प्रत्यक्ष भार पडताच ढेपाळू शकतो. म्हणून त्याच जातीचा दुसरा चार्जर लावून पाहणे ही अधिक खात्रीची परीक्षा. दुसरा चार्जर निवडताना त्याच्या लेबलावरील व्होल्टचा आकडा मूळ चार्जरशी जुळला पाहिजे. अँपिअरचा आकडा तितकाच किंवा अधिक असला तरी चालतो, कमी असता कामा नये. टोक जाडीने जुळले एवढ्यावरून कोणताही चार्जर जोडणे हे औषधाच्या बाटलीचा रंग पाहून औषध घेण्यासारखे आहे. काही कंपन्यांच्या चार्जरच्या टोकात मध्यभागी एक बारीक पिन असते आणि तिच्याद्वारे यंत्र चार्जरची ओळख पटवून घेते. ती पिन वाकली किंवा तिची वायर तुटली, तर लॅपटॉप चालतो, पण बॅटरी भरून घेत नाही. चार्जर उघडून पाहण्याच्या भानगडीत मात्र कोणीही पडू नये. त्यातील कपॅसिटरमध्ये प्रवाह तोडल्यानंतरही धोकादायक दाब शिल्लक राहू शकतो.

चार्जर ठीक असूनही यंत्र निश्चेष्ट असेल, तर एक साधा आणि निरुपद्रवी उपाय करून पाहावा. चार्जर काढावा, बॅटरी काढता येण्याजोगी असेल तर तीही काढावी, आणि सुरू करण्याचे बटण अर्धा मिनिट दाबून धरावे. यामुळे आतील भागांत राहिलेला उरलासुरला विद्युत्‌भार निघून जातो आणि मघाशी उल्लेखिलेला नियंत्रक, जो कधीकधी गोंधळलेल्या स्थितीत अडकून बसतो, तो पुन्हा पहिल्यापासून कामाला लागतो. त्यानंतर बॅटरी न बसविता केवळ चार्जरवर यंत्र सुरू करावे. ते सुरू झाले आणि बॅटरी बसविताच पुन्हा बंद पडले, तर दोषी कोण हे वेगळे सांगावयास नको.

बॅटरी हाताळताना तिचा आकार नीट न्याहाळावा. लिथियम-आयन जातीची बॅटरी 1991 साली सोनी कंपनीने प्रथम बाजारात आणली आणि तिच्या शोधाबद्दल जॉन गुडइनफ, स्टॅन्ली व्हिटिंगहॅम व अकिरा योशिनो यांना 2019 चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. ती जितकी उपकारक, तितकीच म्हातारपणी तऱ्हेवाईक. वापराने व उष्णतेने आत वायू साठून ती फुगते. बॅटरी फुगलेली दिसल्यास, अथवा कळफलक वा स्पर्शपट्टी खालून उचलली गेल्यासारखी दिसल्यास, ती बॅटरी पुन्हा भरू नये; ती टोचू वा दाबूही नये. घरच्या कचऱ्यात न टाकता ती ई-कचरा स्वीकारणाऱ्या केंद्राकडेच द्यावी.

दुसरी अवस्था अशी की दिवे लागतात, पंखा फिरतो, परंतु पडदा काळाच राहतो. येथे यंत्र आंधळे आहे की मुके, हे प्रथम ठरवावे लागते. अंधाऱ्या खोलीत पडद्यावर तिरपा विजेरीचा झोत टाकून पाहावा. त्यात चित्राची अंधूक आकृती दिसली, तर यंत्र आपले काम करीत आहे आणि केवळ पडद्यामागील उजेड गेला आहे, असे ठरते. लॅपटॉपला बाहेरचा मॉनिटर किंवा दूरदर्शन संच जोडून पाहणे हीही अशीच परीक्षा होय. बाहेरच्या पडद्यावर चित्र उमटले, तर चिंतेचे कारण नाही. मजकूर लगेच उतरवून घेता येतो.

दोन्हीकडे काहीच दिसत नसेल, तर संशयाचा पहिला मान रॅमचा. वर्षानुवर्षांच्या दमट हवेने व धुळीने तिच्या सोनेरी पट्ट्यांचा संपर्क सुटतो. पुष्कळ यंत्रे अशा वेळी ठरावीक संख्येने शिट्टी वाजवितात किंवा दिवा उघडझाप करतात. हा संकेत निरर्थक नसतो. त्याचा अर्थ त्या त्या नमुन्याच्या दुरुस्तीपुस्तिकेत दिलेला असतो आणि प्रत्येक कंपनीचा संकेत निराळा असतो. म्हणून शिट्ट्या मोजून लिहून ठेवाव्यात. नंतर चार्जर व बॅटरी काढून, एखाद्या मोठ्या धातूच्या वस्तूला हात लावून अंगातील स्थिर विद्युत् घालवावी आणि तळाचे झाकण उघडावे. रॅमची पट्टी दोन्ही बाजूंच्या चिमट्यांनी धरलेली असते. चिमटे बाहेर सारले की ती तिरपी उभी राहते. तिच्या सोनेरी कडा स्वच्छ खोडरबराने हलकेच पुसाव्यात, रबराचा भुगा झटकावा आणि पट्टी पुन्हा तिरपी घालून चिमटे लागेपर्यंत दाबावी. दोन पट्ट्या असल्यास एका वेळी एकच बसवून पाहावी, आणि खाचही बदलून पाहावी. अशा रीतीने दोष पट्टीचा की खाचेचा हे कळते. नवी पट्टी घ्यावयाची झाल्यास जात जुळली पाहिजे. डीडीआर-2 च्या पट्टीला 200 पिना असतात, डीडीआर-3 च्या पट्टीला 204, आणि एकीच्या जागी दुसरी बसत नाही.

याच अवस्थेचे आणखी एक, काहीसे ऐतिहासिक, कारण आहे. 1 जुलै 2006 पासून युरोपीय संघाने विद्युत् उपकरणांतील शिशाच्या वापरावर निर्बंध घातले आणि जगभरच्या कारखान्यांना शिसेविरहित डाखकामाकडे वळावे लागले. त्याच सुमारास चित्रप्रक्रिया करणाऱ्या काही चिपांच्या बांधणीत दुसराच एक दोष निघाला. चिप आणि तिची बैठक यांच्यातील सूक्ष्म जोड गरम-थंड होण्याच्या चक्रात तडकत. एनव्हिडिया कंपनीने जुलै 2008 मध्ये अशा सदोष चिपांपोटी 15 ते 20 कोटी डॉलरची तरतूद जाहीर केली होती. त्या काळचा लॅपटॉप अचानक आंधळा झाला, तर हे कारण संभवते. अशी यंत्रे भट्टीत किंवा गरम हवेच्या झोताखाली भाजून जिवंत करण्याचा उपाय प्रसिद्ध आहे. तो कधीकधी लागू पडतो, पण त्याने दोष बरा होत नाही. चार दिवसांची उसनी घटका मिळते एवढेच. तेवढ्या अवधीत मजकूर उतरविण्याची तयारी नसेल, तर हा खटाटोप व्यर्थ होय.

मदरबोर्डावर नाण्याच्या आकाराचा, बहुधा सीआर-2032 या नावाचा, 3 व्होल्टचा एक सेल असतो. यंत्र बंद असताना घड्याळ व मूळ जुळवणी जपणे हे त्याचे काम. तो संपला की तारीख कित्येक वर्षे मागे जाते आणि जुळवणी कारखान्यातून निघाली तशी होते. हार्ड डिस्कशी बोलण्याच्या दोन रीती आहेत, आयडीई आणि एएचसीआय. विंडोज ज्या रीतीने बसविली असेल ती बदलली, तर ती सुरू होताहोताच निळा पडदा दाखवून कोसळू शकते. दोष असतो थोडक्या रुपयांच्या सेलचा आणि बोल लागतो डिस्कला. म्हणून पडद्यावर काही दिसू लागले की तारीख-वेळ पाहण्याची सवय ठेवावी.

तिसऱ्या अवस्थेत कंपनीचे नाव उमटते, परंतु पुढे कार्यप्रणाली सापडत नाही असा इंग्रजी संदेश येऊन सर्व ठप्प होते. येथे आधी सोपी गोष्ट पाहावी. यंत्राला एखादा पेनड्राइव्ह लावलेला राहिला आहे काय? तसे असेल तर यंत्र त्यातच कार्यप्रणाली शोधीत बसते. तो काढूनही संदेश येत असेल, तर बायोसमध्ये शिरून डिस्कचे नाव यादीत आहे की नाही ते पाहावे. नाव असेल तर बिघाड बहुधा मजकुराच्या मांडणीचा. नाव नसेल तर डिस्कचा अथवा तिच्या जोडाचा. यानंतर कान द्यावा. जुन्या फिरत्या डिस्कच्या चकत्या मिनिटाला 5,400, म्हणजे सेकंदाला 90 फेरे घेतात आणि त्यांचे वाचनमुख पृष्ठभागापासून केसाच्या जाडीच्या अत्यल्प अंशाइतक्या अंतरावर तरंगत असते. त्यातून टक्‌टक् असा नियमित आवाज येऊ लागला, तर वाचनमुख आपली जागा शोधण्यात अपयशी ठरत आहे असे समजावे आणि त्याच क्षणी यंत्र बंद करावे. प्रत्येक नवा प्रयत्न चकतीवर नवा ओरखडा काढू शकतो. अशी डिस्क शीतकपाटात ठेवण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. त्याने आत दव धरते आणि उरलीसुरली आशाही जाते. आतला मजकूर अमूल्य असेल, तर धूळविरहित दालनात डिस्क उघडणाऱ्या तज्ज्ञाकडे जाण्यावाचून गत्यंतर नाही.

आवाज नसेल, तर मात्र घरच्या घरीही बरेच करता येते. अडीच इंची डिस्क काढून ती युएसबीच्या डबीत बसवावी आणि दुसऱ्या संगणकाला जोडावी. मदरबोर्ड पार निकामी झालेल्या लॅपटॉपचा मजकूरही या रीतीने सहज हाती येतो. याप्रसंगी दुसरा संगणक कधीकधी ‘डिस्क वापरण्यापूर्वी फॉरमॅट करावी लागेल’ असे विचारतो. या प्रश्नाला नकारच द्यावा. होकाराच्या एका टिचकीने आजवरची सारी काळजी मातीमोल होते. तसेच डिस्क दुरुस्त करणारी साधने चालविण्यापूर्वी मजकूर उतरवून घ्यावा. ही साधने डिस्कवर लिहितात, आणि मरणपंथास लागलेल्या डिस्कवर लिहिणे धोक्याचे असते. लॅपटॉपवर प्रवेशासाठी पासवर्ड होता म्हणून मजकूर कुलूपबंद असतोच असे नाही. बिटलॉकरसारखे कूटलेखन केलेले असेल तर मात्र 48 अंकी पुनःप्राप्ती-क्रमांक लागतो. तो आधीच कागदावर उतरवून ठेवलेला बरा.

मजकूर उतरविताना मराठी माणसाने एका गोष्टीचे विशेष भान ठेवावे. युनिकोडची पहिली आवृत्ती 1991 साली प्रसिद्ध झाली आणि तीत देवनागरीचा समावेश होता, तरी पुढे बरीच वर्षे मराठी छपाईचे काम श्री-लिपी, आकृती यांसारख्या जुन्या पद्धतीच्या फॉन्टांतच चालत राहिले. या फॉन्टांत मराठी अक्षरे रोमन अक्षरांच्या जागी बसविलेली असतात. नव्या संगणकावर तो फॉन्ट नसेल, तर स्मरणिकेतील लेखाच्या जागी रोमन अक्षरांचा निरर्थक खच दिसतो आणि मजकूर बिघडला असे समजून तो टाकून देण्याचा मोह होतो. वास्तविक एकही अक्षर हरवलेले नसते. म्हणून केवळ लेखांच्या फायली न घेता विंडोजच्या फोल्डरातील फॉन्टांचा फोल्डरही सोबत घ्यावा. फॉन्ट हाती असला की मजकूर वाचता येतो व सवडीने युनिकोडमध्ये रूपांतरितही करता येतो.

चौथी अवस्था म्हणजे यंत्र सुरू होते, पण काही मिनिटांत बंद पडते, किंवा विंडोजच्या उंबरठ्यावर घुटमळते. तळ तापून मग यंत्र बंद होत असेल, तर पंख्याच्या जाळीत साठलेली धूळ आणि प्रोसेसरवरील वाळलेला उष्णतावाहक लेप ही कारणे प्रथम पाहावीत. गोव्यासारख्या किनाऱ्यावरील खारट, दमट हवेत जोड गंजण्याचाही संभव अधिक. पावसाळाभर कपाटात पडून राहिलेले यंत्र एकदम सुरू न करता एखादा दिवस कोरड्या जागी उघडे ठेवावे. यंत्र थंड असूनही विंडोज अडखळत असेल, तर विंडोज 7 मध्ये प्रारंभी एफ-8 दाबून सुरक्षित प्रकाराने प्रवेश करून पाहावा. नंतरच्या आवृत्त्यांत प्रारंभ दोनतीनदा अपुरा राहिल्यास दुरुस्तीचा पर्यायफलक आपोआप पुढे येतो. तेथे ‘रीसेट’ किंवा कारखान्याच्या मूळ स्थितीला नेणारा पर्याय मोहक दिसतो. मजकूर हाती आलेला नसताना तो निवडणे म्हणजे गळके छप्पर दुरुस्त करण्यासाठी घरच पाडणे होय.

या साऱ्या शोधात एक शिस्त पाळावी. एका वेळी एकच बदल करावा आणि त्याचा परिणाम वहीत टिपावा. चार्जर, रॅम आणि सेल एकदमच बदलले व यंत्र चालू झाले, तर दोष कशात होता ते कळत नाही आणि दोन चांगल्या वस्तूंचा खर्च मात्र अंगावर पडतो. काढलेले स्क्रू कागदावर तळाची आकृती काढून त्या त्या जागी ठेवावेत. लांब स्क्रू आखूड स्क्रूच्या जागी घट्ट पिळला, तर तो आतील पट्टीत घुसू शकतो. मदरबोर्डावर शॉर्टसर्किट असल्याची खात्री झाली की हौसेने हात न घालता यंत्र जाणकार कारागिराकडे द्यावे. देण्यापूर्वी डिस्क काढून जवळ ठेवावी. कारागिराला मदरबोर्ड तपासण्यासाठी तिची गरज नसते.

यंत्र पुन्हा चालू झाले, तरी त्यावर सर्वस्वी विसंबणे शहाणपणाचे नाही. विंडोज एक्सपीचा आधार 8 एप्रिल 2014 रोजी, विंडोज 7 चा 14 जानेवारी 2020 रोजी आणि विंडोज 10 चा सर्वसाधारण आधार 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपला. असे जुने यंत्र बँकेच्या व्यवहारासाठी वापरू नये. फिरत्या डिस्कच्या जागी एसएसडी आणि त्यावर एखादी हलकी लिनक्स प्रणाली घातली, तर वाचनलेखनासाठी ते आणखी काही वर्षे उत्तम चालते. परंतु पहिल्या दिवसाचे पहिले काम मजकुराच्या दोन प्रती करण्याचे, आणि त्यांपैकी एक दुसऱ्या घरी ठेवण्याचे. लॅपटॉप आज ना उद्या पुन्हा बंद पडणारच. त्या दिवशी घरात चिंता पसरावी की केवळ नव्या यंत्राची किंमत विचारली जावी, हे या दोन प्रतींवर अवलंबून राहील.